आधी लेन्स ठरवा, मग कॅमेरा

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"सुट्टीच्या दिवशी मी सड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या कातळी पठारावर, जाते. कातळशिल्पांचे फोटो काढते, पावसाळ्यात फुलांचे काढते. मुलगी भरतनाट्यम शिकते, तिच्या कार्यक्रमांचेही फोटो काढायचे असतात. घरात यजमानांचा जुना निकॉन डी९० आहे, सोबत १८-१०५ झूम आणि ५० एमएम एफ १.८ डी. आता तो जड वाटतो, म्हणून सोनीचा ए६४०० घ्यायचं मनात आहे. दुकानदार म्हणतात, नुसती बॉडी घ्या आणि वर फुल फ्रेमची लेन्स घ्या, पुढे उपयोगी पडेल. भाचा म्हणतो, या बॉडीत स्टॅबिलायझेशनच नाही, घेऊ नकोस. १८-१३५ लेन्ससकट घेतला तर माझं बजेट तिथेच संपतं. १६-५० सकट घेतला तर बरे पैसे उरतात. क्रॉप फॅक्टर म्हणजे नक्की काय ते कुणी नीट सांगत नाही. निकॉनच्या लेन्स सोनीला लागतील का? आणि आमच्या दमट हवेत १८-१०५ला बुरशी धरली. नव्या लेन्सचं तसं होऊ नये म्हणून काय करू?"

ताई, कॅमेऱ्याच्या आधी तुम्ही विषय सांगितलेत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. कातळशिल्पाला रुंद दृश्य लागतं, फुलाला जवळून फोकस लागतो आणि नाचाला उजेड लागतो. या तिन्ही गोष्टी एका लेन्समध्ये येत नाहीत. तुम्हाला जे उलटसुलट सल्ले मिळताहेत ते यामुळेच. जो तो आपापल्या कामाची लेन्स डोक्यात ठेवून बोलतो आहे.

बॉडीबद्दल फार लिहीत नाही, कारण निवड योग्य आहे. ए६४०० जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला, म्हणजे नवाकोरा नाही. पण त्याचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि डोळ्यावर चिकटून राहणारा ऑटोफोकस आजही तुमच्या कामाला पुरून उरेल. वजन बॅटरी-कार्डासह ४०३ ग्रॅम, आणि १६-५० किट लेन्स ११६ ग्रॅम. तुमच्या डी९०ची नुसती बॉडी ६२० ग्रॅमची आहे, त्यावर १८-१०५ चढवली की किलोच्या वर जातं. सड्यावर उन्हात चालताना हा फरक खांद्याला कळेल.

क्रॉप फॅक्टरचं तुमच्यापुरतं उत्तर सोपं आहे: तो विसरा. सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असला की दृश्याच्या कडा कापल्या जातात, म्हणून ५० एमएम लेन्समधून फुल फ्रेमवरच्या ७५ एमएमइतकं दिसतं. हा १.५चा गुणाकार सोनीच्या या बॉडीला लागू आहे आणि तुमच्या डी९०लाही. इतकी वर्षं डी९०वर ५० एमएममधून जेवढं दिसलं तेवढंच सोनीवर दिसेल. तुमच्या नजरेला जे आकडे सवयीचे आहेत तेच राहणार. आणि एक गैरसमज दुकानातही ऐकू येतो, तोही काढून टाकते. छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या लेन्सवर 'गुणाकार करून' आकडा छापलेला नसतो. ५० म्हणजे ५०, लेन्स कुठलीही असो.

याच कारणासाठी दुकानदारांचा फुल फ्रेमचा सल्ला तुम्ही मानू नये असं मला वाटतं. फुल फ्रेमच्या सर्वसाधारण झूम २४ किंवा २८ पासून सुरू होतात. तुमच्या बॉडीवर तो सुरुवातीचा आकडा रुंद राहत नाही, आणि कातळशिल्पांसाठी तुम्हाला नेमकं तिथेच हवं आहे. सोनीची पहिली २४-७० एफ २.८ जीएम एकटी ८८६ ग्रॅमची होती, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याच्या दुपटीहून जड. 'पुढे फुल फ्रेम घ्याल तेव्हा' हे पुढचं पुढे. आज ज्या कामासाठी पैसे मोजताय ते काम आज झालं पाहिजे. फुल फ्रेमची एक लेन्स मात्र तुमच्या उपयोगाची ठरू शकते, तिच्याकडे खाली येते.

भाच्याचं म्हणणं खरं आहे, ए६४००च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. पण स्टॅबिलायझेशन आपला हात हलतो त्यावर उपाय करतं. समोरचा माणूस हलतो त्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. मुलगी नाचताना तुम्ही शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवणार, तेव्हा तुमच्या हाताची थरथर आपोआपच निष्प्रभ होते. सड्यावर उजेड असतो, पहाटे लागलाच तर ट्रायपॉड आहे. शिवाय १६-५० लेन्समध्ये स्वतःचं स्टॅबिलायझेशन आहेच. चालत चालत व्हिडिओ काढायचा असता तर मी भाच्याच्या बाजूने उभी राहिले असते आणि २०२३चा ए६७०० बघा म्हटलं असतं. तुमच्या पत्रात व्हिडिओचा उल्लेख नाही, तेव्हा त्या सोयीसाठी बजेट ताणू नका.

आता रंगमंच. इथे मी जरा थांबते, कारण पैसे वाचवण्याच्या नादात बहुतेकजण इथेच फसतात.

सभागृहातला प्रकाश डोळ्यांना भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो फार कमी असतो. समजा ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ १.४, शटर १/२५० आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० या सेटिंगला चेहरा नीट उजळतो आहे. आता तोच फोटो किट लेन्सने ५० एमएमवर काढायचा. तिथे तिचं ॲपर्चर एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. १.४ ते ५.६ म्हणजे उजेड सोळापट कमी. शटर तेच ठेवायचं तर आयएसओ २५६०० करावा लागेल. ए६४००ची नेहमीची मर्यादा ३२००० आहे, म्हणजे तुम्ही जवळपास टोकाला पोचलात. फोटो येईल, पण डोळ्यांतलं काजळ, दागिन्यांची नक्षी, बोटांवरचा आलता सगळं दाण्यांत विरघळेल. अभिनयाच्या फोटोत बघण्यासारखं तेच तर असतं. १८-१३५ लेन्स प्रवासाला छान आहे, लांबवर पोचते, पण लांबच्या टोकाला तीही ५.६च आहे. म्हणून सगळं बजेट तिच्यावर संपवू नका.

माझा सल्ला असा: कॅमेरा १६-५० सकट घ्या आणि उरलेले पैसे सिग्माच्या ५६ एमएम एफ १.४साठी ठेवा. ही छोट्या सेन्सरसाठीच बनवलेली प्राईम, म्हणजे झूम नसलेली लेन्स आहे, वजन २८० ग्रॅमच्या आसपास. कॅमेरा आडवा धरून आठ मीटरवरून हिच्यातून उंचीला सुमारे २.२ मीटर दृश्य मावतं. नर्तकी पायापासून डोक्यापर्यंत, वर उचललेल्या हातासह बसते. पुढच्या रांगांत बसायला मिळत असेल तर हीच लेन्स. पण गुरूंनी पालकांना मागे बसवलं आणि अंतर बारा मीटर झालं, तर तेवढंच दृश्य मिळवायला ८५ एमएम लागेल. ती वेळ आली तर सोनीची एफई ८५ एमएम एफ १.८ बघा. फुल फ्रेमची असूनही तुम्हाला चालेल असं म्हटलं ती हीच, ३७१ ग्रॅमची.

दोन्हींतली कोणती हे दुकानात ठरवू नका. डी९० आणि ५० एमएम घेऊन मुलीच्या पुढच्या तालमीला जा, कार्यक्रमात जिथे बसता तेवढ्याच अंतरावर बसा आणि फोटो काढा. चौकट थोडी सैल वाटली तर ५६ बरोबर आहे. मुलगी अगदीच लहान दिसली तर ८५. दुसरं म्हणजे १८-१०५ने काढलेले जुने कार्यक्रमांचे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, नोंदलेली असते. बहुतेक फोटो ५० ते ६०च्या आसपास आहेत की १०५ला टेकलेले आहेत, ते बघा. क्रॉप दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच असल्यामुळे हा हिशेब सोनीला जसाच्या तसा लागू पडतो. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खात्रीची.

रंगमंचासाठी आणखी थोडं. मागचा पडदा काळा असतो, त्यामुळे कॅमेरा एकंदर दृश्य उजळवायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर ठेवून सुरुवात करा. सायलेंट शटर वापरायचा मोह होईल, कारण आवाज येत नाही. पण एलईडी दिव्यांत त्याने फोटोवर आडवे पट्टे उमटतात आणि वेगाने फिरणारा हात वाकडा येतो. मेकॅनिकल शटरच ठेवा, आणि क्लिक तिरमाण्याच्या वेगवान पदन्यासात न करता अडवू (नृत्यातला पायांचा तुकडा) संपून मुद्रा स्थिरावते त्या क्षणी करा. तुमची मुलगी शिकते आहे, तेव्हा तो क्षण तुम्हाला इतर कुठल्याही फोटोग्राफरपेक्षा आधी कळेल.

कातळशिल्पांना मात्र महागडी लेन्स लागत नाही, तिथे १६-५०च कामाला येते. या लेन्सला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. १६ एमएमवर तिच्या कडा मऊ येतात, रेषा फुगीर होतात हे खरं आहे. पण सड्यावर तुम्ही ॲपर्चर एफ ८ ठेवणार, तिथे कडाही सुधारतात. आणि मेनूमधलं लेन्स कॉम्पेन्सेशन चालू ठेवलं की फुगीरपणा कॅमेराच काढून टाकतो. शिल्पाचा आकार जसा आहे तसा नोंदवायचा असल्यामुळे ही सेटिंग बंद करू नका.

तिथली खरी अडचण उंचीची आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून असा आकार आडवा पसरून चपटा दिसतो, आणि मागे सरकत गेलं की आणखीच चपटा होतो. इथे लहान कॅमेऱ्याचा फायदा घ्या. मोनोपॉडवर चढवा, दोन्ही हातांनी डोक्यावर उचला आणि सोबतच्या माणसाला फोनवर सोनीच्या ॲपमधून शटर दाबायला सांगा. अर्ध्या किलोचं वजन तसं पेलवतं, डी९० पेलवला नसता. तीन मीटर उंचीवरून सरळ खाली बघितलं तर १६ एमएममधून साधारण ४.४ बाय २.९ मीटरचा तुकडा येतो. २४ एमएममधून तो ३ बाय २ मीटरवर येतो. एखादी मानवाकृती किंवा मासा एका चौकटीत बसवायचा असेल तर हाच फरक निर्णायक ठरतो. मोठी शिल्पं तुकड्या-तुकड्यांनी काढून संगणकावर जोडता येतात, फक्त प्रत्येक फोटोत शेजारच्या तुकड्याचा निदान तिसरा हिस्सा येऊ द्या.

आणि वेळ. भर दुपारी जांभ्यावरची कोरीव रेघ दिसेनाशी होते. सूर्य खाली असताना, सकाळी लवकर किंवा मावळतीच्या आधी, प्रत्येक खोबणीत एका बाजूला सावली पडते आणि आकृती उठून येते. काही लोक फोटोसाठी रेघांमध्ये खडू किंवा चुना भरतात, ते कृपा करून कुणालाही करू देऊ नका. बारसू, उक्षी, देवीहसोळ, जांभरूण ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण कातळाला झालेली इजा कुठल्याही यादीने भरून येत नाही. तिरप्या उजेडाची वाट बघणं एवढंच करायचं. तुमच्या शाळेतल्या मुलांनाही हे शिकवलंत तर फार बरं होईल.

फुलांकडे आणि निकॉनच्या प्रश्नाकडे एकत्रच वळते, कारण फुलांसाठी तुमच्या घरात लेन्स आधीच आहे. ती म्हणजे जुनी ५० एमएम एफ १.८ डी.

निकॉनच्या लेन्सला सेन्सरपासून ४६.५ एमएम अंतर लागतं, सोनीच्या ई-माऊंटमध्ये (लेन्स बसवायच्या खाचेत) ते अंतर १८ एमएम आहे. मधला फरक भरून काढणारी पोकळ कडी म्हणजे ॲडाप्टर. त्यात काच नसते, म्हणून दर्जा बिघडत नाही. ऑटोफोकस मात्र जातो. तुमच्या ५० एमएमवर ॲपर्चरची स्वतःची रिंग आहे, त्यामुळे ती साध्या, स्वस्त ॲडाप्टरवरही नीट चालते. १८-१०५ला अशी रिंग नाही आणि तिचं स्टॅबिलायझेशनही बंद पडेल. तिला डी९०वरच राहू द्या. ॲडाप्टर लावल्यावर शटर दाबलं जात नाही म्हणून घाबरू नका. मेनूत 'रिलीज विदाऊट लेन्स' चालू करावं लागतं. एवढ्यासाठी ॲडाप्टर खराब म्हणून परत करणारेही आहेत.

आता सीतेच्या आसवांचं फूल घ्या, जेमतेम सेंटिमीटरभर. किट लेन्स जास्तीत जास्त जवळ नेली तरी चौकटीत ११ सेंटिमीटरची जागा येते, म्हणजे फूल तिच्या दहाव्या हिश्शात. ई-माऊंटच्या एक्स्टेन्शन ट्यूबचा, म्हणजे लेन्स सेन्सरपासून लांब नेणाऱ्या पोकळ कड्यांचा, १० आणि १६ एमएमचा जोड मिळतो. तो कॅमेरा आणि ॲडाप्टर यांच्यामध्ये बसवा आणि पुढे ५० एमएम लावा. चौकटीतली जागा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. आता फूल चौकट व्यापायला लागलं! इतक्या जवळून ऑटोफोकस तसाही चाचपडतो, म्हणून तो नसल्याचं काही वाटत नाही. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू करा, रिंग एका जागी ठेवा आणि स्वतःच पुढे-मागे झुकून फोकस जमवा. ॲपर्चर एफ ८, शटर १/२५०, कारण सड्यावर वारा थांबत नाही. गुडघा टेकण्याआधी खाली काय उगवलंय ते बघा. गेंद आणि दवबिंदू तिथे दाटीने असतात आणि एका गुडघ्याखाली बरेच चिरडले जातात.

बुरशीचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कोकणात लेन्सचं आयुष्य यावरच ठरतं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते अडवता येत नाहीत. त्यांना वाढायला दमटपणा, अंधार आणि कोंडलेली हवा लागते. कपड्यांच्या कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला हे तिन्ही मिळतं. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणि सिलिका जेल ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. ३०च्या खाली नेऊ नका, फार कोरडेपणाही लेन्सच्या आतल्या वंगणाला चांगला नाही.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. ओलावा पिऊन त्याचा रंग बदलला की ते पुन्हा तापवावं लागतं. जुलैत उन्हात वाळवायचा विचार सोडा. जुन्या लोखंडी कढईत मंद आचेवर परता, रंग परत येईपर्यंत. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका. ऐपत असेल तेव्हा विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, पण डब्यानेही काम भागतं. पावसातून आल्यावर लेन्स लगेच डब्यात कोंडू नका. आधी पुसा, पंख्याखाली तासभर ठेवा, मग आत. बुरशी धरलेली १८-१०५ त्या डब्यात नको. आणि वातानुकूलित सभागृहातून बाहेर आलात की कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर लगेच वाफ धरते.

ए६४००च्या अंगाला दमट हवेपासून थोडं संरक्षण आहे, पण किट लेन्सला नाही. सड्यावर पाऊस आला तर कॅमेरा झाकायचा, बाकी काही विचार करायचा नाही.

खरेदीच्या दिवशी थोडं लक्ष द्या. कॅमेऱ्याच्या खोक्यात वेगळा चार्जर येत नाही, बॅटरी कॅमेऱ्यातच केबलने चार्ज होते. एका बॅटरीत साधारण ३६० ते ४१० फोटो निघतात, म्हणून कंपनीची दुसरी बॅटरी आणि बाहेरचा चार्जर आधीच धरा. कार्ड व्ही३० दर्जाचं यूएचएस-१ घ्या. यूएचएस-२चा वेग या कॅमेऱ्याला वापरताच येत नाही, ते पैसे वाया जातील. बिलावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. बिनबिलाचा माल स्वस्त देऊ केला तरी नको, दुरुस्तीच्या वेळी भारतातली वॉरंटी लागू होत नाही.

बजेट आटलंच तर ५६ एमएम सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. दोन्ही टोप्या काढा, मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरपा मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा धुरकट डाग दिसले तर ती बुरशी आहे. मग विकणाऱ्याने किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घरी आणू नका.